उशिरा वाजलेला भोंगा

नरेल नोस्केला उंचीची भीती वाटायची, आणि नेमकं तिच्याच वाट्याला ते खोकं आलं.

खोकं म्हणजे मिंडारा फुटबॉल क्लबच्या मैदानाकडेला चार लाकडी खांबांवर उभी असलेली पत्र्याची खोली. आत एक बाक, एक फळी, फळीवर वेळ संपल्याचा भोंगा वाजवायचं लाल बटण आणि समोर काच नसलेली खिडकी. वीस वर्षं तिचे वडील व्हर्न तिथे घड्याळ लावून बसत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि क्लबने न विचारताच ते काम मुलीकडे दिलं. त्या शनिवारी जूनचा बारीक पाऊस पडत होता. शिडी ओली होती. नरेल दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, डोळे मिटून वर निघाली होती.

"मधली पायरी सैल आहे," वरून कोणीतरी म्हणालं. "डोळे उघडून चढलीस तर दिसेल."

तिने डोळे उघडले. खिडकीतून ओणवा होऊन एक तरुण हात पुढे करत होता. भिजलेले तांबूस केस, गालावर जुन्या मारामारीचा असावा असा व्रण, आणि उजवा हात गळ्यातल्या झोळीत.

"डावा आहे, चालवून घे. उजवा मागच्या शनिवारी मोडून घेतला. हाड जुळेपर्यंत खेळायचं नाही, म्हणून मला घड्याळ दिलंय."

"कुठल्या क्लबचं?"

"कोरूल."

नरेलने हात झटकन सोडला.

"सोडू नकोस गं बाई! अजून दोन पायऱ्या आहेत. पडलीस तर सगळे म्हणतील, कोरूलवाल्याने ढकललं."

ती हसली नाही. पण हात मात्र पुन्हा धरला... आणि वर पोचल्यावर एखादा क्षण जास्तच धरून ठेवला. त्याचं नाव रसेल टोंकिन. घड्याळ राखायला दोन्ही क्लबांचा एकेक माणूस लागतो, दोघांनी एकाच बाकावर बसायचं, दोघांची घड्याळं जुळली पाहिजेत, आणि ज्यांचं मैदान त्यांचा हात बटणावर. खोक्यात टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. एकमेकांच्या घड्याळाकडे बघायचं फक्त. रसेलने त्या दिवशी नियम तंतोतंत पाळला, फक्त घड्याळ जिथे बांधलं होतं त्या मनगटाकडे तो जरा अधिकच वेळ बघत राहिला.

हाड महिन्याभरात जुळलं. पण त्यानंतरच्या मिंडाराविरुद्धच्या सामन्यालाही कोरूलकडून घड्याळ घेऊन तोच आला.

"अजून बरा नाही झालास?" नरेलने विचारलं.

"झालोय की. पण मी खेळलो की आम्ही हरतो, असं माझा भाऊच म्हणतो." त्याने थर्मास उघडला. "चहा?"

वर्षातून दोनच सामने व्हायचे, एक इथे, एक तिकडे. तीन वर्षांत सहा सामने. तो चहा आणायचा, ती भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणायची. बाक लहान होता, हे दोघांनीही कधी समितीच्या कानावर घातलं नाही. दोन गावांमध्ये चाळीस किलोमीटर गव्हाची शेतं आणि ऐंशी वर्षांचं वाकडं होतं. मिंडाराची मुलगी कोरूलच्या मुलाबरोबर चहा प्यायली असती, तर ती बातमी तिच्याआधी घरी पोचली असती. त्यामुळे बोलायचं ते खोक्यातच, खाली दहा हजार वेळा पाहिलेला खेळ चालू असताना, एक डोळा घड्याळावर ठेवून.

आणि त्या बटणाची भीती तिला कधीच सोडून गेली नाही. व्हर्ननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खेळाडू चुकला तर सामना हरतो, पोरी. घड्याळवाला चुकला तर सामनाच खोटा होतो." प्रत्येक क्वार्टर, म्हणजे सामन्याचा चौथा हिस्सा, संपायला आला की तिच्या तळव्याला घाम फुटायचा. रसेल हे बघायचा आणि मुद्दाम काहीतरी चेष्टा करायचा, पण शेवटच्या मिनिटात कधी तोंड उघडायचा नाही. त्याला ते कळत होतं, म्हणूनच तो तिला आवडायला लागला असावा.

सत्त्याण्णव साली मिंडारा क्लब बंद करायचं ठरलं. ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. शेतं एकात एक जाऊन मोठी झाली होती आणि माणसं कमी. चेंडू हातानेही झेलायच्या इथल्या फुटबॉलला अठरा खेळाडू लागतात, गेल्या हंगामात ते भरताना नाकीनऊ आले होते. शेचाळीस वर्षांचा खाटीक बचावाला उभा राहायचा आणि मध्यंतरात गुडघ्याला बर्फ लावून बसायचा. मार्चच्या सभेत हात वर झाले. हा हंगाम शेवटचा.

त्याच आठवड्यात व्हर्ननी इतिहास लिहायला घेतला. १९११ साली रेल्वेच्या फलाटावर गव्हाची पोती उचलणाऱ्या हमालांनी क्लब काढला, तिथपासून. डोळ्यांना अक्षर नीट दिसत नव्हतं म्हणून ते सांगायचे आणि नरेल टाइप करायची. क्लबच्या इतिहासाचा शब्द न शब्द त्यांना पाठ होता. त्यातली एकही नामुष्की त्यांनी गाळली नाही. १९२६ साली बत्तीस गोलांनी हरलो. १९३८ साली जिंकलो, पण कोरूलचे तीन खेळाडू गोवराने आजारी होते. १९६४, अंतिम सामना: व्ही. नोस्केच्या हातून सोपा झेल सुटला, क्लब हरला.

"बाबा, हे तरी गाळा."

"का? मीच सोडला ना? ते गाळलं तर इतिहास कसला, वाढदिवसाचं कार्ड होईल."

शेवटचा सामना तीस ऑगस्टला होता. मिंडाराच्या मैदानावर, कोरूलविरुद्ध. मिंडाराने दोन वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता आणि कोरूलला अंतिम फेरीत जायला हा एक विजय हवा होता. सकाळपासून लांबलांबून गाड्या येत होत्या. मैदानाच्या कडेने नाक आत करून गाड्या उभ्या राहिल्या, वाफाळत्या पॅटिसची खोकी टपांवर आली, म्हाताऱ्या खेळाडूंनी जुन्या जर्सी पोटावर ओढून ताणून चढवल्या. व्हर्न खोक्याच्या अगदी खाली खुर्ची टाकून बसले होते.

शेवटच्या क्वार्टरला कोरूल पाच गुणांनी पुढे होतं. इथल्या खेळात एका गोलाचे सहा गुण. एक गोल पडला असता तर मिंडारा एका गुणाने जिंकलं असतं, पण वेळ कुठे होता? चेंडू बाहेर गेला की पंच हात वर करतो आणि वरची घड्याळं थांबतात, त्यामुळे नक्की किती उरलंय हे सगळ्या मैदानात फक्त खोक्यातल्या दोघांनाच माहीत असतं. नरेलचं बोट बटणावर होतं. तळवा ओला झाला होता.

"नरेल," रसेल म्हणाला.

तिला आश्चर्य वाटलं. शेवटच्या मिनिटात तो कधीच बोलायचा नाही.

"हं. तीस सेकंद."

"माहीत आहे." तो थांबला. "पुढच्या वर्षी हे खोकं नसेल..."

"रसेल, आत्ता नको ना—"

"आत्ताच. खाली उतरल्यावर तू मिंडाराची आणि मी कोरूलचा. खोकं नसेल, तर मग... मी तुला कुठे भेटू?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षं शेजारी बसून तिने त्याला नेहमी एका बाजूनेच पाहिलं होतं. तो असा समोरून, इतक्या जवळून... त्याचे डोळे घाबरलेले होते. आपल्यासारखाच हाही घाबरतो, हे तिला पहिल्यांदा दिसलं आणि ती बघतच राहिली.

मग एकदम सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले.

नरेल दचकून मैदानाकडे वळली. गोलच्या खांबांमध्ये उभा असलेला पंच गोल झाल्याचे दोन्ही पांढरे झेंडे फडकवत होता. खाटीक गुडघे टेकून जमिनीला मिठी मारत होता. तिने घड्याळ पाहिलं. वेळ संपून अकरा सेकंद झाले होते.

तिने बटण दाबलं. भोंगा वाजला... आणि मिंडारा जिंकलं.

"किती?" तिने विचारलं.

"अकरा," रसेल म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्याही घड्याळात अकरा."

फळीवर नोंदीचं कार्ड होतं. भोंगा नेमका कधी वाजवला ते लिहून दोघांनी सही करायची. खाली लोकांनी व्हर्नना खुर्चीसकट उचललं होतं. ते रडत होते, मोठ्याने, सगळ्यांसमोर. आई गेली तेव्हाही नरेलने त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. तिने कार्डावर लिहिलं, 'वेळेवर', आणि सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

"हे खोटं आहे, रसेल."

"आत्ता खाली जाऊन सांगशील?"

तिने पुन्हा खाली पाहिलं. "...नाही."

"मग मीही नाही," तो म्हणाला, आणि त्याने सही केली. त्या दिवशी शिडी उतरताना नरेलला उंचीची भीती वाटली नाही. तिच्याहून मोठी भीती आता पोटात येऊन बसली होती.

रविवारपासून फोन वाजला की ती दचकायची. दारात गाडी थांबली की पडद्याआडून बघायची. व्हर्न मात्र दहा वर्षांनी तरुण झाले होते. सकाळी गुणगुणत दाढी करायचे, दुकानात जाऊन अनोळखी माणसालाही तो गोल सांगायचे. "शेवटचं प्रकरण शनिवारी लिहू," ते म्हणाले. "आधी मनात नीट जुळवतो." नरेल हो म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. सांगावं तर बाबांचा हा आनंद आपल्याच हाताने मोडायचा. न सांगावं तर त्यांच्याच पुस्तकात खोटं टाइप करायचं. आणि रसेलचा तो घाबरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. पण ते उत्तर आठवलं की लगेच हॉर्न ऐकू यायचे.

बुधवारी ती पोस्टात गेली. पोस्टातल्या डोरीनबाईंना चाळीस किलोमीटरच्या परिघातलं सगळं कळायचं.

"कोरूलची गंमत ऐकलीस का?" त्या तिकिटं फाडत म्हणाल्या. "तिथला एक म्हातारा गाडीत स्वतःचं घड्याळ लावून बसतो म्हणे. तो म्हणतोय शेवटचा क्वार्टर लांबला. आणि लांबला होताच! त्यांच्याच घड्याळवाल्याने कबूल केलं."

नरेलच्या हातातलं पाकीट खाली पडलं. "काय... काय कबूल केलं?"

"की त्याचं घड्याळ चुकलं. तुझं बोट बटणावरच होतं म्हणे, पण तोच म्हणाला, थांब, अजून वेळ आहे. आता सख्खा भाऊ त्याच्याशी बोलत नाही. भाऊच कप्तान ना तिकडे! काल कोणीतरी त्या घड्याळवाल्याच्या शेताच्या फाटकाला सात गजराची घड्याळं टांगून ठेवली होती. सातही एकदम वाजली." डोरीनबाई पोट धरून हसल्या. "अगं, तू पांढरी का पडलीस?"

घरी येऊन तिने त्याला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"का बोललास असं?"

"कोणीतरी बोलायलाच हवं होतं." त्याचा आवाज थकलेला होता. "तुझे वडील पुस्तक लिहितायत ना? मग."

"आणि तू?"

"शनिवारी दुपारी आमची सभा आहे. क्लबमधून नाव काढतील. फार काही नाही."

"खोटं बोलतोस."

"हो," तो म्हणाला. "आजोबांपासून आम्ही तिथे आहोत." मग जरा थांबून, "प्रश्न मी विचारला होता, नरेल. तू फक्त माझ्याकडे बघितलंस. त्यात तुझा काय गुन्हा?"

शनिवारी सकाळी व्हर्न खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला आणि सांगायला लागले. "लिही. शेवटच्या क्षणी, जेव्हा सगळ्यांनी आशा सोडली होती..."

टाइपरायटर वाजला नाही.

"लिही की गं."

"बाबा," ती म्हणाली. "तेव्हा सामना संपला होता. गोल झाला तेव्हा... मी भोंगा वाजवलाच नव्हता. अकरा सेकंद उशीर झाला. कार्डावर मी खोटं लिहिलं."

व्हर्ननी तिच्या दिशेने मान वळवली. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, याचं तिला त्या क्षणी बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

"बटणावर हात कोणाचा होता?"

"माझा."

"रसेल टोंकिन तर म्हणतो त्याची चूक."

"तो मला वाचवतोय."

ते उठले. भिंतीला हात लावत मागच्या दाराने गेले आणि शेडचं दार आतून लावून घेतलं. नरेलने अर्धा तास वाट पाहिली. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. हाक मारायचं धाडस झालं नाही. घड्याळात एक वाजला तेव्हा तिने गाडीची किल्ली उचलली.

कोरूलच्या क्लबघरात सत्तरएक माणसं होती. चहाची किटली, केकचे तुकडे, भिंतीवर सोनेरी अक्षरांतली नावं, आणि पुढे टेबलाशी अध्यक्ष आल्फ ग्रिबल. मागच्या रांगेत रसेल एकटाच बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नरेल टेबलाजवळच्या दारात उभी राहिली तशा सगळ्या माना वळल्या. रसेल ताडकन उठला आणि 'नको' अशी मान हलवायला लागला. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर पुन्हा अकरा सेकंद गेले असते.

"मी नरेल नोस्के. मिंडाराची," ती म्हणाली. तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. "भोंगा मी उशिरा वाजवला. रसेलचं घड्याळ बरोबर होतं. त्याने मला थांब म्हटलं नाही. कार्ड मी खोटं भरलं."

पुढच्या रांगेतून एक धिप्पाड माणूस उठला. रसेलसारखेच तांबूस केस. हा भाऊ, क्लाइव्ह.

"बोट बटणावर, डोळ्यांपुढे घड्याळ, आणि तू करत काय होतीस?"

खोटं बोलायचं तर आता शेवटची संधी होती.

"ह्याच्याकडे बघत होते," ती म्हणाली.

कोणीतरी चहाचा घोट घशात अडकून ठसकलं. आल्फ ग्रिबलनी चष्मा काढला. "अकरा सेकंद?"

"हो."

"सलग?"

दोनतीन बायका हसल्या. क्लाइव्ह हसला नाही. "आमचा अख्खा हंगाम ह्यांच्या नजरानजरेत गेला! आणि तुम्ही दात काढताय?"

"बस खाली, क्लाइव्ह," आल्फ म्हणाले. "पंचाला भोंगा ऐकू येतो तेव्हा सामना संपतो. नियमच तो आहे. निकाल बदलत नाही, आपण अंतिम फेरीत जात नाही. पण रसेल, तू का खोटं बोललास?"

"कारण चूक माझीच होती. मी तिला काहीतरी विचारलं."

"काय?"

रसेल लालबुंद झाला. त्याने जमिनीकडे पाहिलं. एवढ्यात नरेलच्या मागे काठी वाजली.

व्हर्न होते. त्यांना गाडीने घेऊन आलेल्या डोरीनबाईंच्या दंडाला धरून, अंगात क्लबचा कोट. खिशातून कागद काढून त्यांनी डोरीनबाईंना दिला. शेडमध्ये बसून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, विटेएवढ्या मोठ्या अक्षरांत, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"वाचा," ते म्हणाले.

डोरीनबाई वाचायला लागल्या आणि त्यांचा नेहमीचा चढा आवाज हळूहळू खाली आला. "तीस ऑगस्ट १९९७. मिंडाराचा शेवटचा सामना. पंचांच्या नोंदीप्रमाणे मिंडारा एका गुणाने विजयी. घड्याळाप्रमाणे मिंडारा पाच गुणांनी पराभूत. भोंगा अकरा सेकंद उशिरा वाजला. बटणावर एन. नोस्के."

क्लाइव्हने हळूच खुर्ची मागे ओढली आणि बसला.

"असंच छापणार," व्हर्न म्हणाले. "जिंकलेलं मलाही आवडलं असतं. आठवडाभर तेच उराशी धरून झोपलो." मग ते अंदाजाने मागच्या रांगेकडे वळले. "टोंकिन, कारण लिहायचं राहिलंय. तू काय विचारलंस तिला?"

"विचारलं... पुढच्या वर्षी खोकं नसेल, तर तुला कुठे भेटू."

"आणि ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. तेवढ्यात हॉर्न वाजले."

सत्तर माणसं नरेलकडे बघायला लागली. तिला वाटलं होतं, कबुली दिली की भीती संपेल. पण ही तर आणखी मोठी होती. इथे घड्याळ नव्हतं, बटण नव्हतं, मागे लपायला काहीच नव्हतं. बाबांसमोर, त्याच्या भावासमोर, ज्यांचा हंगाम आपण बुडवला त्या सगळ्यांसमोर... तिने रसेलकडे पाहिलं. तो तर तिच्याहून जास्त घाबरला होता.

"आमच्या घरी," ती म्हणाली. "रविवारी. जेवायला."

"कुठल्या रविवारी?" आल्फ ग्रिबल गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "सभेच्या नोंदीत तारीख लागते."

नरेलने एक लांब श्वास घेतला. "दर रविवारी."

रसेल खुर्च्यांच्या रांगा ओलांडून आला, दोनतीन लोकांच्या पायांवर पाय देत, एकाचीही माफी न मागता. येऊन तो तिच्यासमोर उभा राहिला आणि मग पुढे काय करायचं हे त्याला सुचेना. तिनेच त्याचा हात धरला. दोघांचेही तळवे घामाने ओले होते.

व्हर्ननी डोरीनबाईंकडून कागद परत घेतला, भिंतीला लावला आणि पेन्सिल जिभेला लावून, डोळे बारीक करून खाली उशिराच्या कारणाची एक ओळ लिहिली. मग अंदाजाने रसेलच्या दिशेने बोट रोखलं.

"बारा वाजता जेवतो आम्ही," ते म्हणाले. "एक सेकंदही उशीर चालणार नाही."